छबूबाईंचे अकरा उपास

छबूबाईंशी बोलायचं तर त्यांच्या मागं मागं फिरावं लागतं. चुलीपासून गोठ्यात, गोठ्यातून पाण्याच्या टाकीपाशी. बसा म्हटलं तर बसतात, पण उठायच्या तयारीत. चार वर्षांपूर्वी मुतखड्यानं त्यांची डावी किडनी गेली. ती कळ ज्यानं सोसली त्याला कुठल्याच कुशीवर पडून राहता येत नाही. कळ गेली, पण येरझारा घालायची सवय बाईंच्या अंगात राहून गेली.

देवळाली प्रवरेच्या बाहेर, कालव्याच्या कडेला त्यांची वस्ती. मालक गहिनीनाथ, मुलगा, सून पंकजा, दोन गाई. बाईंचं वय छप्पन्न. मी गावातलीच, आठवी शिकलेली, पण दवाखान्याचा कुठला कागद कुठल्या टेबलावर का अडतो ते मला बरोबर कळतं. बाईंच्या ऑपरेशनचा कागद असाच अडला होता, तेव्हापासूनची आमची ओळख.

गेल्या वर्षी उजव्या किडनीतही खडा निघाला. लेसरनं फोडला, तुकडा तपासायला गेला, आणि नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा ऑक्झलेटचा खडा आहे. काही भाज्यांत, दाण्यांत तो पदार्थ भरपूर असतो आणि बाईंच्या अंगात त्याचे खडे होतात. पालक, चुका, अळू, माठ, बीट, रताळं, शेंगदाणे, तीळ, राजगिरा, नाचणी, सगळं बंद. कोरा चहा बंद. जेवणाबरोबर दही-ताक घ्या, पाणी भरपूर प्या. शेवटी ते म्हणाले, "बाई, आता ही एकच आहे. हिला जपायचं."

पंकजानं तो कागद तिखटमिठाच्या मांडणीवर चिकटवला. पालक-अळू सुटायला काही जड गेलं नाही. जड गेलं ते कूट. आमच्याकडं वांगं असो, दोडका असो की साधी काकडीची कोशिंबीर असो, मूठभर दाण्याचं कूट पडल्याशिवाय ती भाजी वाटतच नाही. छबूबाईंनी कुटाचा डबा घासून पालथा घातला. रश्शाला खोबरं भाजून वाटायचं, दुधी, दोडका, कोबी, मुगाची डाळ, ज्वारीची भाकरी. दोन वेगळ्या भाज्या करायला वेळ कुणाला आहे, म्हणून सगळ्या घराला तेच. गहिनीनाथ ताटावर बसले की म्हणायचे, "आजारी ही, अन् पथ्य आमाला." बाई त्यांना ताक वाढत.

इतकं करून आठ महिन्यांनी सोनोग्राफी केली तर खडा परत. पाच मिलिमीटर.

माझं डोकं फिरलं. बाईनं घासाघासाला पथ्य पाळलं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आठवडाभर काय काय खाता. बाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी जोडलं, "अन् आठवड्यातले दोन-तीन दिवस तर मी खातच न्हाई. उपास असत्यात." डॉक्टरांनी लिहून घेतलं, उपाशी राहा पण पाणी सोडू नका म्हणाले. मी तर त्यांच्या टेबलावर हात आपटला. जी बाई आठवड्यातले तीन दिवस जेवत नाही तिला तुम्ही खाण्यावरून काय विचारता, आमच्या बोअरच्या पाण्याचं कुणी विचारणार की नाही, असं बरंच बोलले. बाहेर बाकावरची माणसं डोकावून बघायला लागली.

आमच्या बोअरला क्षार आहेत, हे खोटं नाही. तांब्याच्या तळाला पांढरा थर बसतो. पाणी तपासून मागायचा अर्ज मी त्याच आठवड्यात लिहिला. सह्यांच्या यादीत पहिलं नाव छबूबाईंचं घातलं. अशी पेशंट दाखवली तर कुठला साहेब नाही म्हणेल, असं मला वाटत होतं.

सही घ्यायला गेले तो गुरुवार होता. भर दुपारी उन्हातून गेले, घरात दाणे भाजल्याचा वास भरला होता. छबूबाई चुलीपाशी होत्या, चेहरा खुललेला. बसा ताई, आज माझ्याबरोबर फराळ करा, म्हणाल्या. माझ्यापुढं ताट आलं. भगर, त्यावर शेंगदाण्याची आमटी, तुपात परतलेले रताळ्याचे काप, दोन राजगिऱ्याचे लाडू. त्यांनी स्वतःलाही तेवढंच वाढून घेतलं. आमटी वाटीच्या काठाला लागलेली.

माझी नजर ताटावरून भिंतीवरच्या कागदावर गेली. कागदावरून परत ताटावर. शेंगदाणे, रताळं, राजगिरा.

मी विचारलं, "छबूबाई, हे काय?"

"उपासाचं हाय की."

"अहो, हे सगळं त्या कागदावर आहे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मी काहीतरी येड्यासारखं बोलल्यागत. "ते जेवणाचं हाय, ताई. ह्यो फराळ हाय. उपासाचं कधी बाधतं का?"

मी ताट सरकवलं आणि बोटांवर मोजायला लावलं. सोमवार चार, गुरुवार चार, एकादश्या दोन, संकष्टी एक. महिन्याचे अकरा. वर नवरात्राचे नऊ. पंकजा दारात उभी राहून ऐकत होती. ती हळूच म्हणाली की उपासाच्या दिवशी आत्या वाटीभर आमटी दोनदा घेतात. बाईंनी तिच्याकडं असं बघितलं की ती आत निघून गेली.

मग मी चिडले. बोलायला नको ते बोलले. तुमच्या पोटात दगडाची खाण तुम्हीच चालवताय, आणि मी साहेबांच्या टेबलावर हात आपटत फिरतेय, असं. त्या उठल्या, भांडी गोळा केली, परत ठेवली, टाकीपाशी गेल्या. मी मागं गेले. टाकीचं झाकण उघडून बंद करत, माझ्याकडं न बघता त्या बोलल्या.

"पस्तीस वर्सं झाली. रोज ह्यांच्या आवडीचं, पोराच्या आवडीचं. उपास मला एकटीला असतो. त्या दिवशी मी माझ्यापुरतं करते. मला आमटी आवडती. माझ्या ताटात कोन बघत न्हाई." झाकण दाबून बसवत म्हणाल्या, "ते बी गेलं म्हना आता."

अर्ज पिशवीत तसाच होता. मी घरी आले आणि पहिल्या नावावर रेघ मारली. पाण्याचा अर्ज मागं घेतलेला नाही, घेणारही नाही, पण त्यात छबूबाईंना पुढं करणं खोटं झालं असतं. डॉक्टरांची माफी मात्र मी मागितली नाही. त्यांनीही उपास हा शब्द ऐकला होता आणि त्यात काय खाता हे विचारलं नव्हतं.

पुढं पंधरा दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रस्त्यानं दिसले की गोठ्यात शिरायच्या. मग एका सोमवारी पंकजाचा फोन आला की आत्यांनी साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याऐवजी ओलं खोबरं घातलं, दोन घास खाल्ले आणि बाकीची गाईपुढं ठेवली. पुढच्या गुरुवारी लाल भोपळा तुपात परतला, वर दही. तोही अर्धाच गेला. नवरात्रात शेजारच्या बाईनं राजगिऱ्याचा लाडू प्रसाद म्हणून आणला, तेव्हा छबूबाईंनी नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि उरलेला गहिनीनाथांच्या हातावर ठेवला. ते म्हणाले, पथ्य संपलं का. त्या म्हणाल्या, तुमचं संपलं.

दसरा झाल्यावर आम्ही नगरला गेलो. सोनोग्राफीची रांग लांब होती. बाई बसल्या नाहीत, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होत्या, पदराचं टोक पिळत. नंबर आला, तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, आहे तेवढाच आहे, नवा एकही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या. मी उठले. बाई उठल्या नाहीत.

"सायेब, मागच्या बारीला मी एक सांगितलं न्हवतं," त्या म्हणाल्या, आणि अकराच्या अकरा उपास सांगितले. भगरीपासून लाडवापर्यंत, दुसऱ्यांदा घेतलेल्या वाटीसकट. डॉक्टरांचा पेन थांबला. मग त्यांनी नवा कागद घेतला.

बसमध्ये खिडकीपाशी बसवलं तरी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ड्रायव्हर अजून चहाला गेलेला. एकादशीला काय करायचं हे त्या स्वतःशीच जुळवत होत्या. साबुदाणा झाला, दही झालं, भोपळ्याचा कंटाळा आला. अचानक माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ताई, खजूर चालतो का?"

मला माहीत नव्हतं. मी अंदाजानं व्हय म्हणणार होते, पण जीभ आवरली.

त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. सायेब एकपर्यंत बसत्यात ना, एवढंच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत कंडक्टरला बाजूला सारून खाली उतरल्या. कंडक्टर ओरडला की गाडी थांबणार नाही, आज्जे. छबूबाई मागं न बघता दवाखान्याच्या फाटकाकडं झपाझप चालल्या होत्या. मी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि त्यांच्या मागं गेले.