वरचं गरम, खालचं गार

मी चौथीपर्यंत शिकले. मुलगा किती शिकला ते त्याच्या भिंतीवर टांगलेलं आहे. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या त्याच्या घरात आमची दोघांची शिक्षणं एकदाच समोरासमोर आली, तीही तळघरात.

आदल्या हिवाळ्यात माझी खोली काही केल्या तापेना. बॉयलरचं गरम पाणी खिडकीखालच्या रेडिएटरमधून फिरतं, पण बॉयलर दोन मिनिटं पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. माझे गुडघे धरले. मी सरळ सांगितलं, "पुढच्या थंडीत असंच असेल तर मी तिकडे उबेत, अल्फारेटाला मुलीकडे जाते." दिवाळीनंतरचं तिकीटही काढायला लावलं.

मुलाने मनाला लावून घेतलं. बॉयलरशेजारी माणसाहून उंच टाकी बसवून घेतली. बॉयलरने एकदाच नीट पेटून टाकी तापवायची आणि घराने ती ऊब तासन्‌तास पुरवायची. नळाचं पाणीही टाकीच्या पोटातल्या वेटोळ्यातून तापून येणार.

"म्हणजे बंब," मी म्हटलं.

"आई, हे थर्मल स्टोरेज आहे." तो दुखावला.

प्लंबरने बसवून दिलेली टाकी पंधरा दिवस उत्तम चालली. उत्तम चाललेली वस्तू मुलाला बघवत नाही. रेडिएटरमधून गार होऊन परतणारं पाणी टाकीत तळाशी शिरत होतं. वरच्या बाजूलाही एक तोंड होतं, ते प्लंबरने बंद ठेवलेलं. टाकीचं तापमान मुलाच्या फोनवर येई; त्यात त्याला दिसलं, की टाकी वर कढत आणि खाली गार आहे. त्याला तो अन्याय वाटला. त्याने खालचा व्हॉल्व्ह बंद करून वरचा उघडला. "आता सगळीकडे सारखं टेम्परेचर येईल," म्हणाला. माणसांत आणायला जमली नाही ती समता त्याने पाण्यात आणली.

नरकचतुर्दशीला त्याने युनिव्हर्सिटीतल्या तीन मुलांना पहाटेच्या आंघोळीला बोलावलं. निमित्त दिवाळीचं, दाखवायची टाकी. मी तेल लावलं, उटणं दिलं. दोन मुलं न्हाऊन आली. तिसरी नागपूरची मुलगी आतून ओरडली, "आजी, पाणी कोमट झालं हो!" माझ्या खोलीतला रेडिएटरही थंडगार.

मुलगा फोन बघत म्हणाला, "स्टेबल होतंय."

"बाबा, तुझी आंघोळ राहिलीय," नात म्हणाली.

"सूर्य उगवल्यावर न्हातो तो नरकात जातो," मी आठवण करून दिली.

"ॲट लीस्ट इट्स वॉर्म देअर, आजी," नात म्हणाली.

मी कठडा धरून तळघरात उतरले. मागोमाग सगळी वरात. टाकीला वर हात लावला, मध्ये लावला, वाकून तळाशी लावला. सगळीकडे सारखं कोमट. समता आली होती.

"अरे, बंबात गार पाणी नरसाळ्याच्या नळीने थेट तळाशी सोडतात, तेव्हा तोटीतून वरचं कढत मिळतं. वरच गार ओतलंस तर सगळ्याचाच विचका. गरम पाणी वर राहतं, ते राहू दे."

"आई, बंबाची डिझाइन वेगळी..." आणि तो समजावू लागला. बराच वेळ समजावलं.

केसांना टॉवेल गुंडाळलेली नागपूरची मुलगी कुडकुडत म्हणाली, "दादा, याला स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात. आजी बरोबरच सांगून राहिली."

शब्द इंग्रजी निघाल्याबरोबर मुलाला पटलं.

मी स्वतःच वरचा व्हॉल्व्ह बंद केला, खालचा उघडला. मुलाने सूर्य उगवायच्या आत गार पाण्याने आंघोळ केली. त्याचे मंत्र शेजाऱ्यांनाही ऐकू गेले असतील.

दुपारी माझा रेडिएटर चटका बसेल इतका तापला. फराळाला आलेल्यांना मुलगा सांगत होता, "सिस्टीम आज सकाळी ऑप्टिमाइज केली." मी चिवडा वाढत राहिले.

संध्याकाळी मुलीचा फोन. "आई, बॅग भरलीस ना?"

मी एका कागदावर ठळक अक्षरांत 'हात लावू नये' लिहून तो व्हॉल्व्हला बांधला होता. पण नातीला मराठी वाचता येत नाही, आणि मुलाला येतं तरी तो ऐकत नाही. माझी पाठ वळली की टाकीत पुन्हा समता येणार.

"तिकीट कॅन्सल कर," मी म्हटलं.