डोरीनकडे उतरलेला लेव्हरिंग

टेट लेव्हरिंगला डोरीन क्लिमचुकने आपल्याच घरी ठेवून घेतलं, तेव्हा हॅलडेन गावाला वाटलं, चला, बाईचा राग एकदाचा निवळला.

राग निवळू देणाऱ्यांतली डोरीन नव्हती. आंबवायच्या कोबीवर दगड ठेवावा तसा तिने त्या रागावर दगड ठेवला होता, इतकंच.

हॅलडेनचा ज्युनियर आइस हॉकीचा संघ यंदा पन्नाशीचा झाला. पहिली काही वर्षं पोरं धान्यकोठारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खेळत. थंडी पडली की जमिनीवर पाणी सोडायचं, बर्फ झाला की खेळायचं, आणि मार्चमध्ये तो वितळला की मोसम संपला. पुढे गावाने रिंक, म्हणजे बर्फाचं पक्कं मैदान बांधलं, बाहेरगावची पोरं येऊ लागली आणि त्यांना राहायला घरं लागली. सतरा-अठरा वर्षांच्या या पोरांना कुणाकडे उतरवायचं, ते डोरीन ठरवी. कोण रात्री उठून फ्रीज रिकामा करतो, कोण घरची आठवण येऊन नळ सोडून रडतो, सगळं तिला ठाऊक. घामट जर्सींचा वास तिच्या तळघरातून कधी गेलाच नाही.

या संघाने प्रांताचा कप एकदाच जिंकला, तोही तिच्या लेकाच्या, मायरनच्या जिवावर. मायरन गोलकीपर होता. अंतिम सामन्याच्या दिवशी त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. प्रशिक्षक गार्थ लेव्हरिंगने त्याला वेदनेच्या गोळ्या दिल्या, गुडघा करकचून बांधला आणि म्हटलं, "गोलकीपर काय साखरेचा असतो? ऊठ." मायरन उठला. कप आला, गुडघा गेला. पुढच्या मोसमात गार्थने दुसरा गोलकीपर आणला. मायरन आता रेड डीअर शहरात टायरच्या दुकानात असतो. लेकीशी खेळायला त्याला जमिनीवर बसता येत नाही.

हेही डोरीनने गिळलं असतं. पण गार्थ पुढे संघाचा अध्यक्ष झाला. दरवर्षीच्या जेवणावळीत माइक घेऊन संघाचा इतिहास सांगायचा आणि त्या कपापर्यंत आला की म्हणायचा, "मायरननं हट्टच धरला हो. मला खेळायचंयच म्हणाला. मी काय करणार?" लोक टाळ्या वाजवायचे. मायरनला सांगितलं की तो म्हणे, "सोड ना, आई." डोरीनला सोडायचं नव्हतं. गार्थने त्याच माइकवर, त्याच लोकांसमोर खरं बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि यंदा गार्थचा नातू संघात आला. संघाच्या पदाधिकाऱ्याने आपल्या घरी खेळाडू ठेवायचा नाही, हा नियम खुद्द गार्थनेच केलेला. डोरीन म्हणाली, "माझ्याकडे राहू दे."

पोरगा गुणी निघाला. बटाटा भरलेले उकडीचे कानवले, पिरोगी, खाऊन झाले की ताट स्वतः धुवायचा. क्लिमचुक आडनाव तोडून "मिसेस के, तुम्ही बसा," म्हणायचा. तो आजोबांसारखा दिसत नाही, याचा डोरीनला रागच आला.

संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोचला. शनिवारी संध्याकाळी सामना होता. गुरुवारी संध्याकाळी टेट सरावाहून आला आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवून बसला. डोरीनने कोबीचं सूप पुढे ठेवलं. दोन चमचे घेऊन तो न्हाणीघरात धावला. ओकल्याचा आवाज तिला ऐकू आला.

"डोक्याला लागलंय का रे?"

"नाही हो. कोबी बाधला असेल."

कोबी तिच्या घरात आजवर कुणाला बाधला नव्हता. असं काही दिसलं की त्याच घटकेला प्रशिक्षकाला फोन करायचा, ही शिकवण पोरं ठेवणाऱ्या इतर बायांना तीच द्यायची. ती फोनपाशी गेली, उभी राहिली आणि परत आली. शुक्रवारी सकाळी डबा भरून तिने टेटला सरावाला पाठवलं.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये वर्षाच्या जेवणावळीला सगळं गाव जमलं. गार्थ माइक घेऊन उभा राहिला. पत्र्याची शेड झाली, रिंक झालं, कप आला. "आणि आपला मायरन! काय हट्टी पोरगा..."

"गार्थ," डोरीन जागेवरून उठली, "टेटनंही हट्ट धरलाय."

"घराण्यातच आहे ते!" गार्थ म्हणाला. लोक हसले.

"डोक्याला मार लागलाय त्याच्या. ओकतोय. उजेड सोसत नाही. तरी म्हणतो, खेळणार. बर्फावर उतरवायचं ना?"

गार्थने नातवाकडे पाहिलं. टेटने ताटात मान घातली. तेवढ्यावरून आजोबाला कळलं.

"नाही. तो आज बाहेर बसेल."

"का? हट्ट धरलाय की पोरानं. तू काय करणार?"

"वेड लागलंय का तुला, डोरीन? अठराचं पोर आहे ते! त्याच्या हट्टाला काय विचारायचं? मोठ्या माणसानं नाही म्हणायचं असतं!"

माइक चालूच होता. वाक्य हॉलभर घुमलं आणि मग चमच्यांचेसुद्धा आवाज थांबले. आपण काय बोललो, ते गार्थच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. त्याने माइक टेबलावर ठेवला.

"एवढंच ऐकायचं होतं," डोरीन म्हणाली. "चल टेट, डॉक्टरला दाखवू."

इस्पितळ शेजारच्या गावात होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. टेटने डोळ्यांवर हात धरला होता. तो म्हणाला, "मिसेस के, तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं ना?"

"हो."

"काल सरावात पुन्हा आपटलो मी. डोक्यावरच. तेव्हापासून डाव्या कानात काहीतरी वाजतंय. तुम्ही डबा दिलात आणि जा म्हणालात."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. डोरीनला माफी मागायची होती. पण तोंड उघडलं तर हसू फुटेल, अशी तिला भीती वाटली, इतकं ते गार्थचं वाक्य अजून कानात गोड लागत होतं. ओठ घट्ट मिटून तिने गाडीचा वेग वाढवला.