दुपारची मोहफुलं

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. कथा-कविता पोरांसमोर टाका टाका उसवायची, निवेदक कुठं बोलतो, कुठं गप्प बसतो हे विचारत राहायचं, हा माझा धंदा. त्यात माझा एक हट्ट आहे. चांगल्या लेखकाच्या हातून काही चुकून पडत नाही. चूक दिसली की समजा, कला तिथंच आहे.

मागच्या वर्षी मी स्वतःच एक कथा लिहिली. पन्नाशीला टेकल्यावर, आयुष्यातली पहिली. ती बरी जमली का हे जाणून घ्यायला जीव नुसता तळमळत होता आणि घरी विचारायची लाज वाटत होती. म्हणून लेखकाचं नाव न घालता झेरॉक्स काढल्या आणि शेवटच्या वर्षाच्या वर्गात वाटल्या. पोरांना नाही आवडली तर पुन्हा पेन उचलायचा नाही, असं ठरवून गेले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

कथा साधी होती. गोंडपिपरीकडच्या खेड्यातली सून रोज दुपारी टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाते, संध्याकाळी भरली टोपली आणते, नवरा न बोलता जेवतो. ती सून म्हणजे माझी आई. मी सहा वर्षांची असताना बाबांना खाणीत काम लागलं आणि आम्ही घुग्घुसला आलो. त्याआधीचं जे आठवलं ते लिहिलं.

गडचिरोलीकडच्या जंगलगावातली एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. "मॅडम, हे बाई खोटं बोलून राह्यली."

"कशावरून?"

"मोहा रातभर पडते. पहाटीच वेचा लागते. दुपारपावतर ढोरं अन् हरणं ठेवतात का? मंग हे चालली कुठी?"

घुग्घुसच्या धुळीत वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हतं. लेखिकेची चूक आहे, असं म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण माझाच हट्ट मला आडवा आला.

मग वर्ग सुसाटच सुटला. फळ्यावर त्या बाईचं वेळापत्रक मांडलं गेलं. तिचा यार कोण, यावर दोन पक्ष पडले, ट्रकवाला आणि फॉरेस्ट गार्ड. हात वर करून मतदान झालं, गार्ड निवडून आला. टोपलीही तोच भरून देतो, असं ठरलं. "नवऱ्याले सगळं माहीत आहे, म्हणून तो बोलत नाई," असं म्हणत, कधी वही न आणणाऱ्या पोरानं नवऱ्याच्या मौनावर चार पानं लिहिली. अर्थशास्त्राचे सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचं मत ट्रकवाल्याला होतं. माझी कथा थोर ठरली आणि माझी आई बदफैली. मला एकाच वेळी नाचावंसं आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, तू दुपारी मोहा वेचाले काऊन जात होती?"

आईनं तिकडचा पंखा बंद केला. "कोनं सांगतलं तुले?"

"वर्गातल्या पोट्ट्यायनं."

"झोपाले जात होती," आई म्हणाली. "घरी अकरा माणसं. तुही आजी पाठ टेकू देत नव्हती. मोहाखाली दोन घंटे निजत होती मी."

"अन् टोपली?"

"तुहे बाबा पहाटी वेचून झुडपात झाकून ठेवत. उठली का डोक्यावर घेत होती. भरली टोपली दिसली का तुही आजी काई विचारत नव्हती."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी त्यांना जन्मभर घुमा माणूस समजत आले. फोन ठेवला आणि रडले, पुष्कळ रडले.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, असाही एक अर्थ लागू शकतो, आणि तो सांगितला. गार्डवाला पक्ष चिडला. तीच मुलगी पुन्हा उठली. "नाई पटत, मॅडम. असा नवरा कुठी राह्यते? हे उगीच गोड करणं झालं."

"राह्यते," मी म्हटलं. "माझा बाप होता तो."

तिनं झेरॉक्सचं शेवटचं पान उलटून पुन्हा वाचलं आणि हळूच विचारलं, "मंग मॅडम, तुमी त्यायले नुसतं जेवतानाच काऊन दाखवलं?"