आप्पांचे कान आणि माझी वही

आमच्या घरातला कानांचा तज्ज्ञ मी होतो. ही पदवी मला कुणी दिली नव्हती. मीच घेतली होती, त्यामुळे कुणाला ती काढूनही घेता येत नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं साचेखात्यात माग चालवून निवृत्त झालेले. शेकडो मागांच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला जरा कमी ऐकू येतं, यात नवल काय? चाळीतली सगळीच माणसं समोरासमोर उभं राहून, तोंड मोठं उघडून, हातवारे करत बोलायची. मागासमोर तसंच बोलावं लागे, आणि मग घरी मीठ मागतानाही ती सवय सुटत नसे.

मी कचेरीत कारकून, आणि छंद रेडिओचा. ट्रान्झिस्टरसोबत एका कानात घालायचा पांढरा इअरफोन आला होता. शेंगदाण्याएवढा. त्याची पिन खोचली की रेडिओचा भोंगा आपोआप बंद, ऐकणार तो एकटा कानवाला. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

तेवढ्यात सांगलीहून कुसुमताईचं पत्र आलं. माझी ही थोरली बहीण रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात अभंग गाणार होती, पुढच्या गुरुवारी दुपारी. अभंग आप्पांनीच शिकवलेला. चाळीतलं भजन एकेकाळी आप्पांच्या गळ्यावर चालायचं, आणि तिला मांडीवर घेऊन ते चाल सांगायचे. पत्र वाचून आप्पा नुसते बसून राहिले. मी ठरवलं, लेकीचा एकही सूर बापाच्या कानातून निसटता कामा नये.

मी जुन्या बाजारात गेलो आणि लष्करातून भंगारात निघालेला एक हेडफोन उचलला. दोन्ही कानांवर दोन काळी झाकणं, मध्ये लोखंडी पट्टी. वजन अडकित्त्याहून जास्त.

"फौज का माल है," भंगारवाले चाचा म्हणाले, "इसमें तोप बी मुलायम सुनाती."

आता प्रश्न पडला, दोन्हींत सरस कोण? असले प्रश्न मी वहीशिवाय सोडवत नसे. रकाने आखले: आवाज, स्पष्टपणा, आराम. रोज कचेरीतून आलो की आप्पांसमोर पाट टाकून बसायचो, चहा गार होईपर्यंत.

"आप्पा, बातम्या स्पष्ट येतात का?"

"येतात की."

"शेंगदाणा बरा की फौजी?"

"दोनी लई झ्याक हायती."

तज्ज्ञाला असं उत्तर चालत नाही. मी खोलात शिरलो. शेंगदाणा आप्पांच्या कानातून दोनदा आमटीत पडला. तशी नोंद केली. फौजी हेडफोन टोपीच्या वरून घालावा की खालून, यावर एक संध्याकाळ गेली. शेवटी टोपी वर आली. तशा थाटात आप्पा ओट्यावर बसले, तर शेजारच्या रंगम्मा धावत आल्या. "अय्यो, आप्पांच्या डोस्क्याला काय लागलं?" लोखंड टोचतं म्हणून मी सोलापुरी टॉवेल फाडून झाकणांना उश्या शिवल्या. एकदा तर ट्रान्झिस्टरचे सेल पार संपले होते, तरी आप्पा म्हणाले, "आज लई निर्मळ ऐकू येतंय." मी वहीत लिहिलं: 'सेल संपत आल्यावरही कामगिरी उत्तम.'

माझी बायको सुमन मंद्रूपची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती हे सगळं भाकरी थापता थापता बघायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, तिला यातलं कळत नाही.

गुरुवार उजाडला. मी रजा टाकली. सकाळी अखेरची सुधारणा म्हणून फौजीच्या वायरीला कथलाचा नवा डाग दिला, म्हणजे आवाज आणखी चोख. दुपारी अख्खी चाळ आमच्या खोलीत. रंगम्मांनी ताईला लहानपणी न्हाऊ घातलेलं, त्या तर अगदी पुढे. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपीखालून हेडफोन चढवला. निवेदिकाबाईंनी ताईचं नाव घेतलं, खोलीत कौतुकाची कुजबुज झाली, आणि मी ऐटीत पिन खोचली.

भोंगा बंद.

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. तज्ज्ञांनी सगळा विचार केला होता. चाळीलाही कान आहेत, एवढाच राहिला होता.

"आता काय रे?" रंगम्मा म्हणाल्या.

मी पिन उपसायला हात घातला. तेवढ्यात आप्पांनी डोळे मिटले, आणि त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला. रंगम्मांनी माझा हात धरला.

"राहू दे. बापाला आयकू दे आधी."

वीस माणसं दहा मिनिटं एका म्हाताऱ्याचा चेहरा ऐकत बसली. आप्पांची मान एका जागी हलकेच कलायची, तिथे रंगम्माही मान कलवायच्या. शेवटी आप्पांनी हात थांबवला, टोपीच्या काठाने डोळे पुसले.

"लई ग्वाड गायली पोर," ते म्हणाले.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सगळे समाधानाने घरी गेले. मीही फुशारलो. आवाजाच्या रकान्यात काय लिहावं, या विचाराने फौजी हेडफोन स्वतःच्या कानांना लावला.

आत काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नाही. वायर हलवून पाहिली, झाकण उघडलं. सकाळी दिलेला माझा डाग सुटून लोंबत होता. पिनेने भोंगा बंद केला होता आणि मी हेडफोन. ताईचा अभंग रेडिओ असलेल्या ज्या एका घरात मुळीच ऐकू आला नाही, ते घर आमचं.

"पण आप्पा तर रडले," मी सुमनला म्हणालो.

तिने परात खाली ठेवली. "तेस्नी ऐकू येत न्हाय."

"कमी येतं."

"न्हाय. मुळीच न्हाय. मी लगीन करून आले त्या आटवड्यातच कळलं मला. मागनं हाक मारली तर वळत न्हाईत. तोंडाकडं बगून वळखतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तेनी हात जोडून नगं म्हनले. आन् तुमी तरी इचारलं कुटं? तुमी लिवत हुता."

मी आप्पांसमोर जाऊन बसलो. रोजच्याच पाटावर. काय विचारणार होतो ते त्यांनी माझ्या तोंडावरच वाचलं असावं.

"साचेखात्यातच गेले बग कान," ते म्हणाले. "पर त्यो अभंग माज्या ध्यानात हाय की. कुटं सूर चढतो, कुटं पोर दम घ्येती, समदं. मनात म्हनत तेवडाच येळ बसलो. तिला लिव, आप्पांनी डोळं मिटून ऐकलं. खोटं न्हाय त्ये."

"आणि रोज मी विचारत होतो, शेंगदाणा बरा की फौजी, ते?"

आप्पा थोडे लाजले. "कोन बरा ते मला काय ठावं? नोकरीला लागल्यापास्नं तू घरात बोलायचास ते पाठ फिरवून. काय कळायचं न्हाय मला. त्या वहीपायी रोज म्होरं येऊन बसाय लागलास."

मी पाट आणखी पुढे ओढला. आता काहीही बोललो असतो तरी त्यांना कळलं असतं, एवढा जवळ मी बसलो होतो.

ती वही अजून माझ्याकडे आहे. 'आराम' या रकान्यात आप्पांनी रोज दहापैकी दहा गुण दिले आहेत, शेंगदाण्यालाही आणि फौजीलाही. त्यापुढे तज्ज्ञांचा शेरा आहे, माझ्याच वळणदार अक्षरात: 'टॉवेलच्या उश्यांचा परिणाम.'