गडचांदूर, अमेरिकेमार्गे

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही नवरा-बायको फक्त रविवारी भेटायचो. ते गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि मी चंद्रपूरला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. घरी मी आणि सासूबाई. घरात फोन नव्हता, पण कॉलेजात आणि कारखान्यात नुकतंच इंटरनेट आलं होतं. रोज दुपारी त्यांचा ईमेल यायचा. मी तो छापून घरी न्यायची आणि भाजी निवडता निवडता सासूबाईंना वाचून दाखवायची. त्यांना वाचता येत नव्हतं.

एकदा लॅब रिकामी होती म्हणून मी आपलं पत्र कुठून कुठून जातं ते बघायला बसले. त्यासाठी एक साधी आज्ञा असते. ती दिली की वाटेतला एकेक टप्पा पडद्यावर उमटत जातो. नागपूर आलं, मुंबई आली आणि मग चक्क अमेरिकेतलं एक शहर. तिथून पुन्हा मुंबई, नागपूर आणि शेवटी कारखाना. मी तीनदा करून पाहिलं.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तर त्या हातातली शेंग तशीच धरून बसल्या.

"गडचांदूर तं राजुऱ्यावरून दीड घंट्यावर हाय. अमेरिकेत काऊन जाते?"

उत्तर शोधायला मी कॉलेजातून पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या आणि आठवडाभर वाचल्या. इंटरनेट हे एकच जाळं नसून हजारो जाळी आहेत, हे तेव्हा कळलं. प्रत्येक जाळं आपल्या घरात मालक असतं. पुस्तकात त्याला स्वायत्त प्रणाली म्हणतात आणि तिला स्वतःचा क्रमांक असतो. ती आपल्या शेजाऱ्यांना सांगते, अमुक पत्ते माझ्याकडून पोचतात. शेजारी ते पुढच्या शेजाऱ्याला सांगतात. अख्खा नकाशा कुणाकडेच नसतो, सगळं शेजाऱ्याच्या शब्दावर चालतं. कॉलेजला जोडणी देणारी कंपनी वेगळी, कारखान्याची वेगळी. त्या दोघी देशात कुठेच एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यांच्या ओळखीचे मोठे शेजारी भेटत ते थेट अमेरिकेत.

"नागपूरले दोघीयचीबी हापिसं हायेत, तरी बोलत नाईत?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही बोलत."

"मोठेच लोक म्हणा."

त्याच हिवाळ्यात कारखान्याची भट्टी दुरुस्तीसाठी बंद केली आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दोन रविवार ते आले नाहीत. दुसऱ्या रविवारनंतर मी चिडून लिहिलं, 'यायचं नसेल तर नका येऊ.' आणि त्यानंतर त्यांची पत्रं बंद झाली.

एक दिवस गेला, दोन गेले. मी आणखी लिहिलं, माफी मागितली. उत्तर नाही. सासूबाई रोज माझ्या पिशवीकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच.

"भांडण झालं काय तुमचं?"

मी रडायलाच लागले. त्यांनी माझ्यापुढे ताट वाढून आणलं.

दुसऱ्या दिवशी माझी माफीची पत्रं परत आली, पोचवता आली नाहीत असा शेरा घेऊन. तेव्हा कुठे डोकं चाललं. पुन्हा ती आज्ञा दिली. अमेरिकेपर्यंत टप्पे आले आणि पुढे त्यांच्या जागी नुसत्या चांदण्यांच्या खुणा, म्हणजे तिकडून उत्तरच नाही. कॉलेजातून आमच्या जोडणीच्या कंपनीला फोन केला तर ते म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे. कारखान्याच्या कंपनीनेही तेच सांगितलं, वर म्हणाले की तुम्ही आमचे ग्राहक नाही. शेवटी नागपूरच्या एका मैत्रिणीने तिच्या ऑफिसातून तपासून दिलं. आमचे पत्ते बाकी सगळ्यांना दिसत होते. फक्त कारखान्याच्या कंपनीच्या यादीतून गळले होते. म्हणजे ते रागावले नव्हते. निदान रागावलेच असतील असं नव्हतं.

तक्रार त्या कंपनीच्या ग्राहकानेच करायला हवी होती आणि त्या ग्राहकापर्यंत माझं पत्र जात नव्हतं, कारखान्याचा फोनही लागत नव्हता.

सासूबाईंना हे समजावून सांगितलं. त्या उठल्या आणि पिशवीत लुगडं भरू लागल्या.

"चाल, बस हाय."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. मी मैत्रिणीने पाठवलेले कागद छापून सोबत घेतले होते. कारखान्याच्या फाटकावर निरोप दिला तर ते प्रयोगशाळेतून तसेच धावत आले, भुवयांपर्यंत सिमेंटने माखलेले.

"काय झालं? आई, तू बरी आहेस ना?"

"मी बरी हाय. हे रडून राह्यली."

त्यांनी खिशातून घड्या घातलेले कागद काढले. चार पत्रं होती, चारही परत आलेली. पहिल्यात फक्त एकच ओळ होती, 'भट्टी गेली खड्ड्यात, मी बुधवारी येतो.' पण बुधवारी रजा मिळाली नव्हती. माझी पत्रं येईनात, म्हणून मी रागाने बोलत नाही असं त्यांनाही वाटत होतं.

"वाच की," सासूबाई मला म्हणाल्या. मी बाकीची वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"तू सगळं नाई वाचत मले, माह्यीत हाय," त्या म्हणाल्या. ते लाजून हात झटकू लागले आणि आम्हा तिघांवर सिमेंट उडालं.

कारखान्यात कॉम्प्युटर बघणाऱ्या गृहस्थाने माझे कागद नीट पाहिले आणि त्यांच्या कंपनीला फोनवर एकेक ओळ वाचून दाखवली. मंगळवारी रस्ता उघडला. कुणीतरी यादी सुधारताना एक ओळ पुसली होती म्हणे.

पुढे मी याच विषयात शिकले, त्यातच नोकरी केली. काही वर्षांनी त्या दोन कंपन्या मुंबईतच जोडल्या गेल्या. पण त्या वेळी मी रविवारी एकटीच परत आले होते आणि सासूबाई आठ दिवस लेकाजवळ राहिल्या होत्या. मंगळवारी दुपारी पत्र आलं. वरचा मजकूर त्यांचा होता. खाली सासूबाईंनी सांगितलेलं, जसंच्या तसं टाईप केलेलं:

'वांग्यायले पाणी टाकजो. एकटी हायेस म्हणून उपाशी नोको राहू. अन् हे पत्र सगळं वाचजो.'