चारशेचा रोल

जळगावच्या फोटोच्या दुकानात मी कॅमेऱ्यासाठी चारशे स्पीडचा रंगीत रोल मागितला, तेव्हा मला वेड लागलंय अशा नजरेने दुकानदाराने पाहिलं. "खानदेशात काय उन्हाचा दुष्काळ पडलाय? शंभरचाच न्या. चारशेत फोटो रवाळ येतो."

मी हट्टालाच पेटलो. मला लग्न थोडंच टिपायचं होतं! मला अंधाऱ्या खोल्यांत चालणारी कामं हवी होती, तीही फ्लॅश न उडवता. चारशेच्या रोलला थोडा उजेडही पुरतो, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं.

दुसऱ्याच दिवशी एसटीने सोनगीर गाठलं. तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका आबांच्या खोलीत दारातून येईल तेवढाच उजेड होता. मी आनंदाने कॅमेरा बाहेर काढला. फोटो काढू का, असं विचारलं. त्यांनी होकाराची मान हलवली आणि ते हंडा ठोकत राहिले. मी खटक्यावर खटका दाबत सुटलो.

रोल संपला, तेव्हा आबांनी हातोडी खाली ठेवली, टोपी सारखी केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसले.

"काढा आते."

"काढले की, आबा! सगळे काढले!"

"लाईट तं पडना नही," ते चिडूनच म्हणाले. "फोटो कसा येई?"

आठवड्याने फोटो घेऊन मी धावतच त्यांच्याकडे गेलो. हातोडी हवेत, तांब्यावर दारातला उजेड, कपाळावर घाम. फोटो रवाळ होता, असू दे! आबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी आत बायकोला हाक मारली.

"देख वो, काम करतांना मी असा दिसस!"