एक पाय जुना, एक पाय नवा

नवे बूट घरी आले त्या दिवशी ह्यांनी ते पायात घातलेच नाहीत. आधी माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. ज्या काट्यावर मी केकचा मैदा मोजते, त्याच काट्यावर. मी काही बोलेपर्यंत नवा उतरून जुना बूट वर चढला होता, आणि त्याच्या तळाला मागच्या रविवारचा चिखल तसाच होता.

"निदान चिखल काढून तरी मोजा," मी म्हटलं.

"चिखल दोघांनाही लागणारच आहे," असं म्हणून ह्यांनी खोक्याच्या झाकणावर दोन आकडे लिहिले. जुना जवळजवळ दीडपट भरला. ह्यांचा चेहरा असा खुलला, की जणू बूट भाजीसारखे वजनावर विकत घ्यायचे असतात.

हे म्हणजे माझे यजमान. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं काढलेला माणूस. पत्रा हातात आला की टिचकी मारून आवाज ऐकायचा, कडा वाकवून बघायची, खिशातल्या व्हर्नियरने जाडी मोजायची आणि मगच तोंड उघडायचं, ही ह्यांची रीत. मला बघायला आले तेव्हा व्हर्नियर आणला नव्हता, हे माझ्यावर केवढे उपकार.

बूट पाठवले होते बंगळूरहून लेकीने. डोंगरात घालायचे, घोट्याच्या वर येणारे, आत पाणी न शिरणारे. जुने होते त्याच कंपनीचे आणि त्याच नावाचे, फक्त नवी आवृत्ती. बापाला वेगळं काही दिलं तर तो हात लावणार नाही, एवढी अक्कल तिला माझ्याकडून मिळाली आहे.

जुनी जोडी नऊ वर्षांची. तपकिरी चामड्याची, जड, कर्नाळ्यापासून माणिकगडापर्यंत आमच्या आजूबाजूचे सगळे डोंगर फिरलेली. तिचे तळ दोनदा बदलून झाले होते, टाचा किती वेळा त्याची मोजदादच नाही. पनवेल स्टेशनजवळ बसणारे आमचे चांभारकाका शेवटच्या खेपेला म्हणाले होते, "साहेब, ह्यात आता तुमचं काय राहिलंय? वरचं चामडं सोडलं तर सगळा बूट माझाच आहे."

हा सगळा खटाटोप ह्यांना बूट आवडतात म्हणून चालला नव्हता. सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या रक्तात साखर सापडली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, चाला, भरपूर चाला, पण पाय जपा. ओल्या मोज्यांत दिवसभर राहायचं नाही, पायाला जखम होऊ द्यायची नाही. आणि गेल्या पावसाळ्यापासून ह्यांचे मोजे धुवायला यायचे ते आतपर्यंत मातकट. हे म्हणायचे घाम आहे. मातीच्या रंगाचा घाम मी तरी कोणाला आलेला पाहिला नाही. शेवटी मी आणि लेकीने फोनवर एकमताने निकाल दिला: जुन्या बुटांत पाणी शिरत असेल तर पावसाळ्यात डोंगर बंद.

डोंगर बंद म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. हा माणूस सोमवार ते शनिवार पत्रे मोजतो ते रविवार यावा म्हणून. पावसाळ्यातले रविवार तर ह्यांच्या लेखी सणच. नवे बूट हा त्यावरचा तोडगा होता. पण हे कसले ऐकतात! जुन्यांत पाणी शिरतच नाही, तर नवे कशाला, हा ह्यांचा मुद्दा.

मग आठवडाभर आमच्या घरात तुलना चालली. नव्या बुटाचं वरचं अंग कापडाचं, निळं आणि नारंगी. हे म्हणाले, "हा बूट घालून मी वरातीत बँड वाजवू का?" नंबर तोच, पण ह्यांनी वर्तमानपत्रावर दोन्हींचे तळ पेन्सिलीने आखले आणि नवा पुढून अरुंद असल्याचं सिद्ध केलं. "कंपनीने माणसांचे पाय बारीक केलेत," असं जाहीरही केलं. नाड्या जुन्या गोल, नव्या चपट्या. तळाच्या खाचांना व्हर्नियर लागला. नव्याच्या पाच मिलिमीटर, जुन्याच्या तीन.

"बघा," मी म्हटलं, "नवा जिंकला."

"पण ते तीन अनुभवी आहेत," हे म्हणाले.

जुन्या बुटाचे गुण गाताना ह्यांची रसवंती पाझरायची. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "ह्यात खडीवरून चालतोय की गालिच्यावरून, पायाला पत्ताच लागत नाही. गेल्या दोन वर्षांत एकदा चावला नाही की टोचला नाही. ह्याला म्हणतात बूट." मी भाजी निवडत हे ऐकायची आणि मनात म्हणायची, इतकं कौतुक माझ्या पुरणपोळीच्या वाट्याला कधी आलं नाही.

शेवटी परीक्षा ठरली, तीही लोखंड बाजाराच्या पद्धतीने. तिथे नवा माल आला की जुन्याचा एक तुकडा आणि नव्याचा एक तुकडा एकाच बादलीत मिठाच्या पाण्यात टाकतात आणि आधी गंज कोणावर चढतो ते बघतात. पाणी एक, दिवस एक. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या परीक्षेला ह्यांच्याकडे किंमत नाही. तेव्हा डाव्या पायात जुना, उजव्या पायात नवा, आणि दोन्ही पाय एकाच ओढ्यात. डावा कोरडा राहिला तर जुने बूटही राहतील आणि डोंगरही. ओला झाला तर नवे घालायचे आणि जुन्यांचं नाव काढायचं नाही. पंच म्हणून मला नेमलं, कारण दोन्ही बुटांवर माझा सारखाच राग होता.

जुलैतल्या एका ढगाळ रविवारी आम्ही गाडी काढून प्रबळगडाच्या पायथ्याकडे गेलो. पायथ्याला एक मावशी भजी तळत बसतात. त्यांनी ह्यांचे पाय पाहिले आणि झारा तसाच वर धरला.

"काय दादा, दुसरा बूट कोनी नेला काय?"

"नाही मावशी, परीक्षा चाललीय बुटांची."

"आमी अनवानीच जातो शेतान, आमची नाय कोन घेत परीक्षा," मावशी मला म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे मात्र गंभीर चेहऱ्याने पुढे चालू लागले. जुन्याची टाच चांभारकाकांच्या कृपेने जाड, त्यामुळे सपाट रस्त्यावरही हे उतारावरून चालल्यासारखे दिसत होते. मी मागून फोटो काढून लेकीला पाठवला.

ओढा घोट्याइतकाच होता. पाणी बुटाच्या काठाच्या खाली राहील अशी जागा ह्यांनी शोधली आणि दोन्ही पाय रोवून उभे राहिले. मी काठावर छत्री धरून, फोनवर वेळ लावून. पंधरा मिनिटं. वाटेने जाणारी पोरं थांबून बघायची, मग माझ्याकडे बघायची. मी त्यांना मान हलवून सांगायची, की हो, हे माझेच आहेत.

वेळ संपल्यावर हे बाहेर आले, एका दगडावर बसले आणि गवई सूर लावताना मिटतो तसे डोळे मिटले. "उजवा कोरडा," हे म्हणाले. मग जरा थांबून, "डावाही कोरडा. खरं सांगायचं तर डावा जास्त कोरडा."

मी आधी उजवा काढला. मोजा कोरडा, ऊबदार. मग डाव्याची नाडी सोडली, बूट जरा तिरपा केला आणि त्यातून पाण्याची धार लागली. मोजा पिळला तर तांब्याभर पाणी निघालं असतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तो मोजा मी ह्यांच्या डोक्यावर धरूनच पिळला. "हरलात!" मी ओरडले. "चारी मुंड्या चीत!"

हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मोज्याकडे बघत राहिले. "काढताना शिरलं असेल," ते म्हणाले.

"ओढा तिकडे दहा पावलांवर आहे. काढताना कुठून शिरेल?"

ह्यांनी आपला डावा पाय हातात घेतला. तो पांढरा पडला होता, बोटांना सुरकुत्या आल्या होत्या. मी हात लावला तर बर्फासारखा गार. मी विचारलं, "गार लागतंय ना?"

आणि हे विचार करू लागले. गार लागतंय की नाही, ह्यावर हे विचार करत होते. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

उन्हाळ्यात आम्ही बाजारात आंबे घ्यायला गेलो होतो, तेव्हा ह्यांच्या पायातली एक चप्पल निसटून मागे राहिली होती. हे तसेच चार-पाच पावलं पुढे गेले आणि मी हाक मारल्यावर थांबले. केवढे वेंधळे म्हणून ती गोष्ट मी चार घरी रंगवून सांगितली होती. त्या दगडापाशी ती आठवली आणि मला माझीच लाज वाटली. आठवडाभर ह्यांनी बूट तोलले, आखले, मोजले. पायाला कसे वाटतात, हे एकदाही सांगितलं नव्हतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

परत येताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, बूट चांगले आहेत म्हणून काही लागत नाही."

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, मुंग्या येतात का, पाय बधिर वाटतात का, आणि हे दर खेपेला शाळेतल्या हुशार मुलासारखे पटकन म्हणायचे, "नाही." ह्या वेळी मीच ओढ्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ह्यांना आडवं झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या जाडसर दोऱ्याचं टोक तळपायाला टेकवू लागले. लागलं की "हो" म्हणायचं.

टाचेपाशी दोऱ्याचं टोक टेकलं, हे गप्प. अंगठ्याखाली टेकलं, गप्प. घोट्याजवळ "हो." मग पुन्हा बोटांवर, एक, दोन, तीन, गप्प. डॉक्टर दुसरा पाय घ्यायला थांबले. त्यांचा हात हवेतच होता, आणि हे म्हणाले, "हो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हात अजून वरच होता. हे पुन्हा म्हणाले, "हो. लागलं."

मिटलेल्या डोळ्यांनी डोंगर वाचवायला निघालेला माझा नवरा! लबाडी करायची तीही धड जमत नाही. एरवी मी तिथेच हसत त्यांचं पितळ उघडं पाडलं असतं. ह्या वेळी मी हळूच म्हणाले, "अहो, त्यांनी अजून लावलंच नाही."

ह्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हणजे डोंगर बंद," ते म्हणाले.

डॉक्टरांनी काही तपासण्या लिहून दिल्या. म्हणाले, "चढाचे, खडकाचे डोंगर आता नकोत. सपाट वाटेवर खुशाल चाला, पण पुढून रुंद आणि पाणी न शिरणाऱ्या बुटातच. घालायच्या आधी आत हात फिरवून बघा, खडा आहे का. आणि रोज संध्याकाळी कोणीतरी दोन्ही तळपाय नीट बघायचे. काही लागलं तरी तुम्हाला कळणार नाही आता." नवे बूट लेकीने रुंद मापाचे बदलून पाठवले. रंग तोच, बँडवाला. ह्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

आता रोज संध्याकाळी दिवे लागले की हे आमच्या गॅलरीत खुर्चीत बसतात आणि मी समोर पाटावर. सणावारी नवऱ्याच्या पाया पडणार नाही, हे मी लग्न ठरतानाच सासरी सांगून टाकलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षं ते पाळलं. पहिल्या संध्याकाळी ह्यांचा पाय मांडीवर घेतला तर हे वरून म्हणाले, "पडलीस की नाही शेवटी पाया?"

"पाय हलवू नका," मी म्हटलं. चष्मा लावून मी टाच बघितली, एकेक बोट वेगळं करून बघितलं. करंगळीच्या खाली मसुराएवढा लाल डाग होता. त्यावर मी अंगठा टेकवला.

"इथे दुखतं?"

"नाही."

"खरं सांगा हं."

"नाही गं, अजिबात नाही."

दुखतंय, असं त्यांनी एकदा तरी म्हणावं म्हणून मी जरा जोरातच दाबलं.